परदेशी वर्गात आपलं साहित्य शिकवायला जाताय? या चुका टाळा

परदेशातल्या विद्यापीठाकडून पाहुणा लेखक म्हणून एका सत्राचं बोलावणं येतं. विषय असतो सर्जनशील लेखन आणि अल्पसंख्याकांचं साहित्य. मग पुण्यातला लेखक पहिल्यांदा अप्पा बळवंत चौक गाठतो आणि पिशव्या भरून पुस्तकं आणतो. मीही तेच केलं. बॅगेतली निम्मी जागा मराठी पुस्तकांनी खाल्ली आणि तिथे ती वाचू शकणारं कुणी नव्हतं. मोठ्यानं वाचून दाखवायला दोन पुस्तकं पुष्कळ झाली. अनुवादांची यादी मात्र सत्राच्या तीन-चार महिने आधी तिथल्या ग्रंथपालांच्या हातात पडली पाहिजे. काही अनुवाद मागवूनच घ्यावे लागतात, त्यात वेळ जातो.

पुढची गल्लत 'मायनॉरिटी' या शब्दातच आहे. तिथली मुलं तो ऐकतात आणि बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बाहेरून येऊन वसलेले लोक येतात. आपल्याकडे अल्पसंख्याक हा कायद्यातला शब्द आहे. १९९२च्या कायद्याखाली मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४पासून जैन. दलित या यादीत दलित म्हणून नाहीत. पण १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांबरोबर ज्यांनी धम्म स्वीकारला, त्यांची मुलं-नातवंडं बौद्ध म्हणून यादीत आहेत, आणि १९९०पासून अनुसूचित जातींतही मोजली जातात. लेखक आणि समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तेव्हा ते स्वतःच्या समाजातही एकटे पडलेले होते. त्यांना कुठल्या खान्यात बसवणार? हे सगळं पहिल्याच तासाला फळ्यावर मांडा. मी मांडलं नाही. परिणामी अर्ध्या वर्गाने पहिला निबंध दलित म्हणजे स्थलांतरित असं धरून लिहिला, आणि चूक माझी असताना गुण त्यांचे कापायची वेळ आली.

आता ज्या चुकीचं मला सर्वांत वाईट वाटतं ती. आधी जातिव्यवस्था समजावू, मग वाचू, असं मी ठरवलं होतं. वर्ण, जाती, गावकुसाबाहेरची वस्ती, बलुतेदारी असं करत करत १९३२च्या पुणे करारापर्यंत पोचले तेव्हा चौथा आठवडा लागला होता. मुलांनी एक पान वाचलेलं नव्हतं. मग वाचायला घेतलं तेही पुरावा तपासावा तसं. कुठला अन्याय, कुठल्या साली. लेखिकेने वाक्य कुठे तोडलं, बोलीतला शब्द का ठेवला, याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. ज्यांनी इतक्या कष्टानं भाषा कमावली त्यांना आपण नुसते साक्षीदार करून टाकतो.

पुढच्या खेपेला मी पहिल्या दिवशी मुक्ताचा निबंध वाचायला दिला. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मांग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो एका तासात वाचून होतो आणि इंग्रजीतही आहे. लिहिणारी आपल्यासारखीच विद्यार्थिनी आहे म्हटल्यावर वर्ग सावरून बसला. ती थेट देवालाच प्रश्न विचारते, ते वाक्य एका मुलीने तीनदा वाचलं. प्रश्न लोक विचारू लागतात तेव्हा संदर्भ सांगा. तो तेव्हाच लक्षात राहतो.

अनुवादात शब्द पातळ झालाय असं वाटलं की तळटिपा वाढवू नका, वस्तू दाखवा. उर्मिला पवारांचं 'आयदान' हे आत्मकथन शिकवायच्या आधी मी बुरुड आळीतून बांबूची एक छोटी रोवळी नेली होती. (काही देशांत बांबूच्या वस्तू विमानतळावर जाहीर कराव्या लागतात, विसरू नका.) ती टेबलावर ठेवली. एका मुलाने काठावरून बोट फिरवलं आणि पटकन मागे घेतलं, कूस टोचलं होतं. पवारांची आई हेच विणून घर चालवायची. इतरत्र हे काम बुरुडांचं, कोकणात महारांचं. जात म्हणजे सगळीकडे सारखा साचा नव्हे, हे त्या रोवळीने दहा मिनिटांत पोचवलं.

लेखन कार्यशाळेत 'दलित स्त्रीच्या भूमिकेतून लिहा' असला सराव कृपा करून देऊ नका. मुलं चांगल्या मनाने लिहितात आणि पानभर रडारड हाती येते. दुसऱ्याचं दुःख उसनं घेऊन हात चालत नाही.

आणि 'आमचं दलित साहित्य' असं म्हणताना जरा थांबा. मी सदाशिव पेठेत वाढलेली. त्या दुसऱ्या खेपेच्या दुसऱ्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, "या पुस्तकांतल्या घरांपैकी तुमचं घर कोणतं?" त्या दिवशी मी काहीतरी सारवासारव केली. रात्री झोप लागली नाही. मग उठून अर्धं पान लिहिलं. आमच्या वाड्याच्या मागे बोळ होता, त्या बोळात खाली एक बुटकं दार होतं. टोपलीचा संडास साफ करायला येणाऱ्या बाई त्या दाराने यायच्या. पुढच्या दाराला पितळी कडी होती, पण त्या दाराला कुणी वेगळं नाव दिलेलं नव्हतं. बोळातल्या दाराला मात्र आम्ही 'मागचं' म्हणायचो आणि मुलांनी तिकडे जायचं नसे.

सकाळी ते वाचून दाखवलं आणि सांगितलं, आपापल्या घरातलं मागचं दार लिहा. वर्गात वीस मिनिटं फक्त पेनांचा आवाज होता. एकाने आजोबांच्या शेतावर हंगामापुरत्या येणाऱ्या मजुरांचं लिहिलं, जेवताना त्यांचं टेबल वेगळं असायचं म्हणून. जिने मला प्रश्न विचारला होता तिने आजीकडे अनेक वर्षं काम केलेल्या बाईंबद्दल लिहिलं. अर्ध्यात थांबून तिने आईला मेसेज करून त्या बाईंचं आडनाव विचारलं. तास संपेपर्यंत उत्तर आलं नाही, म्हणून तिने कागदावर तेवढी जागा रिकामी ठेवली आणि तसाच कागद माझ्याकडे दिला.