गाडीचा बिघडलेला इंडिकेटर स्विच घरच्या घरी कसा दुरुस्त करावा

इंडिकेटरची दांडी एका बाजूला लोटली की दिवा व्यवस्थित लुकलुकतो, पण दुसऱ्या बाजूला लोटली की नुसता खटका वाजतो आणि दिवा लागत नाही, किंवा दांडी बोटाने दाबून धरली तरच लागतो. कधी कधी वळण पूर्ण होऊन स्टिअरिंग सरळ झाले तरी दांडी आपोआप मागे येत नाही, आणि आपण अजून वळणार आहोत अशा समजुतीत मागचा चालक राहतो. हे सगळे दोष दांडीच्या मुळाशी, स्टिअरिंगखालच्या आवरणात बसवलेल्या स्विचमध्ये निर्माण होऊ शकतात. काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाला त्यांतले बरेचसे घरी दुरुस्त करता येतात. मात्र दुरुस्तीपेक्षा निदानाला अधिक वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण मूळ दोष एखाद्या बल्बमध्ये असताना निष्कारण नवा स्विच बसवला जाण्याचे प्रकार फार घडतात.

दोष नक्की स्विचमध्येच आहे का?

सर्वांत आधी हॅझार्डचे, म्हणजे सगळे इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे, बटण दाबून गाडीभोवती एक फेरी मारावी आणि पुढचे, मागचे व बाजूचे सर्व दिवे लुकलुकतात का ते पाहावे. हॅझार्ड आणि इंडिकेटर यांचे बल्ब एकच असतात, मागच्या वायरी एकच असतात आणि बहुतेक गाड्यांत दिवे लुकलुकवणारा फ्लॅशरही एकच असतो. फरक असतो तो फक्त आज्ञा कोठून येते यात. त्यामुळे हॅझार्डवर सगळे दिवे नीट लागत असतील आणि दांडी वापरली की लागत नसतील, तर संशय फ्यूज, स्विच आणि त्याची जोडणी एवढ्यावरच येऊन थांबतो. हॅझार्ड आणि इंडिकेटर यांचे फ्यूज अनेक गाड्यांत वेगवेगळे असतात, म्हणून फ्यूजच्या पेटीचे झाकण उघडून इंडिकेटरचा फ्यूज आधी बाहेर काढून पाहावा. त्याच्या आतली बारीक तार तुटलेली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बसवावा, जास्त अँपिअरचा कधीही बसवू नये. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी वायर गाडीच्या पत्र्याला टेकली आहे असे समजावे आणि आधी ती शोधावी.

एका बाजूची टिकटिक नेहमीपेक्षा भराभर होत असेल, तर तो बहुधा स्विचचा दोष नसतो. इंडिकेटर मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा लुकलुकावा असा दंडक आहे. एक बल्ब गेला की त्या बाजूचा प्रवाह घटतो आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर चालकाला सावध करण्यासाठी मुद्दाम वेग वाढवतो. साध्या बल्बच्या जागी एलईडी बसवल्यावरही हेच होते, कारण एलईडी फारच कमी प्रवाह घेतो. जुन्या, गरम होऊन चालणाऱ्या फ्लॅशरमध्ये नेमके उलटे घडते: बल्ब गेला की टिकटिक मंदावते किंवा थांबते.

यानंतर दांडी हळूहळू दोन्ही बाजूंना हलवून पाहावी. दांडी जरा वर उचलली किंवा आत ढकलली की दिवा लागतो आणि सोडली की विझतो, असे होत असेल तर आतल्या संपर्कपट्ट्या झिजल्या आहेत किंवा त्यांच्यावर काजळी धरली आहे, हे जवळजवळ निश्चित समजावे. दांडी कुठल्याच बाजूला टिकत नसेल, खटका लागल्याचे बोटाला जाणवतच नसेल, तर आतली स्प्रिंग किंवा तिच्या टोकावरची गोळी जागेवरून सुटली आहे. दिवे लागतात पण दांडी एकाच बाजूने परत येत नाही, तर त्या बाजूचा प्लॅस्टिकचा अडसर तुटला आहे. दोन्ही बाजूंनी येत नसेल तर स्टिअरिंगबरोबर फिरणारी आणि त्या अडसराला ठोकणारी कडी तपासावी लागते. ही योजना जुनी आहे. १९४० सालच्या ब्यूक गाड्यांमध्ये इंडिकेटर आपोआप बंद होण्याची यांत्रिक सोय होती, आणि आजही बऱ्याच गाड्यांत दांडी मागे येते ती अशाच साध्या प्लॅस्टिकच्या ठोक्याने.

अलीकडच्या गाड्यांमध्ये दांडीतून दिव्यांचा प्रवाह जातच नाही. दांडी केवळ संगणकीय नियंत्रकाला संदेश देते आणि दिवे तो नियंत्रक लावतो. अशा गाडीत स्कॅनर, म्हणजे नियंत्रकातली माहिती वाचणारे उपकरण, जोडून दांडीचा संदेश नियंत्रकापर्यंत पोहोचतो का ते पाहावे, आणि तसा स्कॅनर हाताशी नसेल तर निदान जाणकाराकडून करून घ्यावे. जुन्या गाड्यांमध्ये मात्र दिव्यांचा सगळा प्रवाह स्विचमधूनच जातो. ज्या जुन्या गाड्यांत मागचा एकच बल्ब ब्रेकचा आणि इंडिकेटरचाही दिवा म्हणून काम करतो, तिथे तर ब्रेकच्या दिव्याचा प्रवाहही याच स्विचमधून जातो, म्हणून स्विच बिघडला की एका बाजूचा ब्रेकचा दिवाही बंद पडू शकतो. अशी गाडी तपासताना ब्रेक दाबून मागचे दिवे अवश्य पाहावेत.

एअरबॅगची खबरदारी

स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर पुढचा भाग घाईने वाचून सोडू नये. गाडी सपाट जागी उभी करून चाके सरळ ठेवावीत, चावी काढावी आणि बॅटरीचे आधी ऋण टोक सोडवावे. ते उसळून परत टेकणार नाही अशा रीतीने कापडात गुंडाळून बाजूला ठेवावे. बॅटरी सुटली तरी एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ विद्युतभार साठून राहतो आणि तेवढा भारही एअरबॅग फुगवायला पुरेसा असतो. हा भार उतरण्यासाठी किती वेळ थांबावे हे गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेत दिलेले असते, आणि तो वेळ गाडीनुसार बदलतो, म्हणून दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. एअरबॅगच्या जोडण्या साधारणपणे पिवळ्या रंगाच्या असतात. त्यांना मल्टीमीटरची, म्हणजे व्होल्ट, प्रवाह आणि रोध मोजणाऱ्या मीटरची, टोके कधीही लावू नयेत, कारण मीटरमधून जाणारा अल्प प्रवाहही धोक्याचा ठरू शकतो.

पुष्कळ गाड्यांत सुदैवाने स्टिअरिंग काढावेच लागत नाही. खालचे प्लॅस्टिकचे आवरण निघाले की दांडीचा स्विच दोन स्क्रू काढून किंवा दोन खिट्या दाबून सरळ बाजूला सरकवता येतो. तुमच्या गाडीत स्विच पूर्णपणे स्टिअरिंगच्या मागे अडकलेला असेल आणि एअरबॅग काढल्याशिवाय निघणार नसेल, तर ते काम सवय असलेल्या कारागिराकडे सोपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एअरबॅगखालची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे वायरींची गुंडाळी असलेली चकती, एक फेरा जरी चुकून फिरली तरी पुढच्या पूर्ण वळणात तिच्यातली पट्टी तुटते, आणि मग हॉर्न व एअरबॅग दोन्ही निकामी होतात. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत स्टिअरिंग घरी काढता येते. त्यासाठी स्टिअरिंग आणि दांडा यांच्यावर समोरासमोर खूण करावी आणि नट पूर्ण न काढता दोनचार आट्यांवर ठेवूनच स्टिअरिंग हलवून सैल करावे, म्हणजे ते अचानक सुटून तोंडावर आदळणार नाही. हातोडीने ठोकू नये. हलत नसेल तर पुलर, म्हणजे स्टिअरिंग ओढून काढण्याचे अवजार, वापरावा.

स्विच बाहेर काढणे आणि तपासणे

आवरणाचे स्क्रू सहसा खालच्या बाजूने असतात, आणि एखादा स्क्रू स्टिअरिंग पाव वळण फिरवल्यावरच दिसतो. स्क्रू निघाले तरी दोन भाग खाचांनी एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने शिवणीवर थोडे थोडे दाबत ते वेगळे करावेत. लोखंडी पेचकस घातल्यास खाच तुटते आणि मग आवरण कायम खडखडत राहते. काढण्याआधी वायरी कुठून कशा गेल्या आहेत याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. जोडणी काढताना वायर ओढू नये. खिटी दाबून जोडणीचे अंगच धरावे. ती उघडल्यावर आतल्या पिना उजेडात नीट पाहाव्यात. एखादी पिन मागे सरकलेली, हिरवट कळकलेली किंवा तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी झालेले दिसले, तर दोष तिथेच सापडला असण्याची शक्यता मोठी आहे.

स्विच हातात आला की मल्टीमीटर रोधाच्या मोडवर ठेवावा. आधी त्याची दोन टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा लक्षात ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक मापातून तो वजा करावा. मग दांडी डावीकडे लोटून डाव्या बाजूच्या पिना आणि उजवीकडे लोटून उजव्या बाजूच्या पिना तपासाव्यात. कोणती पिन कशाची आहे ते गाडीच्या वायरिंग आराखड्यात दिलेले असते. ज्या स्विचमधून दिव्यांचा प्रवाह थेट जातो, त्यात उरलेला रोध जवळजवळ शून्य असला पाहिजे, आणि माप घेताना दांडी किंचित हलवली तरी आकडा उड्या मारता कामा नये.

थोडासा रोध इतका महत्त्वाचा का, हे एका साध्या हिशेबाने कळते. एका बाजूला २१ वॅटचे दोन बल्ब आणि ५ वॅटचा एक, असे ४७ वॅट धरले तर १२ व्होल्टला साधारण ४ अँपिअर प्रवाह होतो. संपर्कात अर्धा ओहम जरी रोध आला, तरी दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि आठ वॅटच्या आसपास उष्णता बोटाच्या नखाहून लहान जागेत साठत राहते. मी पहिल्यांदा उघडलेल्या स्विचमध्ये डाव्या संपर्काच्या मधोमध मोहरीएवढा काळा खड्डा होता आणि त्याच्याखालचे पांढरे प्लॅस्टिक मेणासारखे एका बाजूला ओघळून गोठलेले होते. उजवा संपर्क मात्र नव्यासारखा चकचकीत होता. दिवा मंद का लागत होता, हे त्या एका खड्ड्याने मला नीट समजावले.

उघडणे, साफ करणे, परत जोडणे

स्विचचे कवच स्क्रूने किंवा खिट्यांनी बसवलेले असेल तरच तो उघडावा. कवच वितळवून चिकटवलेले असेल तर ते फोडून परत नीट बंद होत नाही, म्हणून सरळ नवा स्विच घ्यावा. उघडताना स्विच आणि दोन्ही हात मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवावेत. झाकण सुटताच खटक्याची स्प्रिंग आणि तिच्या टोकावरची पोलादी गोळी उडते, आणि ती गाडीच्या गालिच्यात गेली तर सापडणे कठीण होते. प्रत्येक भाग काढला त्या क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडावा.

आतले जुने ग्रीस बहुधा काळपट आणि डिंकासारखे घट्ट झालेले असते, आणि बऱ्याचदा तेवढेच संपर्क अडवत असते. कापसाच्या काडीवर कॉन्टॅक्ट क्लिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते पूर्ण पुसून काढावे. पेट्रोल वापरू नये, त्याने प्लॅस्टिक खराब होते आणि आगीचा धोका असतो. गंज सोडवण्याचे तेलकट स्प्रेही टाळावेत, कारण त्यांचा राहिलेला थर धूळ धरतो. संपर्कपट्ट्यांवर सँडपेपर घासण्याचा मोह होतो, पण त्याने वरचा मुलामा निघून जातो आणि काही महिन्यांत पट्टी पुन्हा काळी पडते. साध्या खोडरबराने हलके घासले तरी पातळ काजळी निघते. पट्टी दबून सपाट झाली असेल तर चिमट्याने तिला अगदी किंचित, फार तर अर्धा मिलिमीटर, उचलावे; जास्त वाकवल्यास ती मोडते. खड्डा खोल असेल किंवा प्लॅस्टिक वितळलेले असेल, तर साफसफाईत वेळ घालवू नये. त्या जागी पट्टी पुन्हा नीट टेकणार नाही, आणि एवढी उष्णता सोसलेला भाग गाडीत परत बसवणे मला सुरक्षित वाटत नाही.

तुटलेला अडसर डिंकाने चिकटवून चालत नाही. प्रत्येक वळणाला त्याच्यावर ठोका बसतो आणि जोड थोड्याच दिवसांत सुटतो. नवा स्विच घेताना केवळ गाडीचे मॉडेल न सांगता जुन्या स्विचवरचा भाग क्रमांक आणि पिनांची संख्या जुळवावी, कारण एकाच मॉडेलमध्ये धुक्याचे दिवे किंवा क्रूझ कंट्रोल असलेल्या गाडीचा स्विच वेगळा असतो.

साफ झालेला स्विच जोडताना प्लॅस्टिकच्या सरकत्या भागांवर आणि गोळीच्या खाचेत विद्युत संपर्कांसाठी चालणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. कवच बंद केल्यावर मल्टीमीटरने पुन्हा दोन्ही बाजू तपासाव्यात, मगच स्विच गाडीत बसवावा आणि आवरण लावताना एकही वायर दोन भागांच्या मध्ये चिमटत नाही याची खात्री करावी. बॅटरी शेवटी जोडावी. बॅटरी काढल्यामुळे घड्याळ, रेडिओ किंवा काचांच्या स्वयंचलित सोयी काही गाड्यांत नव्याने लावाव्या लागतात.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तो तेवतच राहिला तर गाडी चालवण्याआधी तपासणी करून घ्यावी. ज्या गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर स्विचच्या जोडीला असतो, तिथे स्थिरता नियंत्रणाचा दिवा लागल्यास तो सेन्सर स्कॅनरने पुन्हा जुळवावा लागतो. यानंतर दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, हॅझार्ड, ब्रेकचे दिवे, हॉर्न आणि त्याच दांडीवरचे हेडलॅम्प तपासावेत. मग मोकळ्या जागेत गाडी हळू चालवत दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घेऊन दांडी आपोआप मागे येते का ते पाहावे. पाचदहा मिनिटे इंडिकेटर चालू ठेवून आवरणाला हात लावावा. ते गरम लागले किंवा प्लॅस्टिक जळल्यासारखा वास आला, तर बॅटरीचे ऋण टोक पुन्हा सोडवून स्विच बाहेर काढावा.