ॲपिस्टोग्रामाच्या रंगावरून टाकीतली सत्ता कशी ओळखावी

ॲपिस्टोग्रामा म्हणजे टाकीत पाळायचे छोटे सिक्लिड मासे. टाकी सायकल झालेली आहे, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू तिच्यात रुजले आहेत, आणि पाणी मऊ, २६ अंशांच्या आसपास आहे, असं धरून चालतो. एका जोडीला ६० बाय ३० सेंटिमीटरचा तळ पुरतो. एक नर आणि दोन-तीन माद्या असा जनानखाना हवा असेल तर मीटरभर लांबीची टाकी घ्या, प्रत्येक मादीला अंडी घालायला वेगळी करवंटी द्या. खाली बारीक वाळू. मासे सोडले की दोन-तीन दिवस पाण्यात हात घालू नका.

खरी मेख पुढे आहे. ‘रंग उतरला म्हणजे मासा आजारी’ हे ऐकून मी एकदा धडधाकट माशांच्या पाण्यात औषध ओतलं होतं. या माशांच्या कातडीतल्या रंगपेशींवर मज्जातंतूंचा ताबा असतो, त्यामुळे भांडण हरताच काही क्षणांत रंग पालटतो. वरचढ नर पर ताणून मिरवतो. दबलेला पर मिटतो, त्याच्या कुशीवरची आडवी पट्टी गडद होते आणि तो वरच्या कोपऱ्यात लटकून राहतो. रंग वाढवणारं खाद्य त्याच्या काही कामाचं नाही.

सगळ्यात फसवा असतो तो दबलेला तरुण नर, कारण तो मादीसारखाच दिसतो. माझ्या काकाटुइडिसमधली (ही ॲपिस्टोग्रामाचीच एक जात) एक ‘मादी’, अंड्यांच्या वेळी माद्या होतात तशी, कधीच पिवळी होईना. थोरल्या नराला दुसऱ्या टाकीत हलवलं, आणि काही आठवड्यांत बाईसाहेबांच्या पाठीवरचे पर लांबले, शेपटीत नारिंगी उतरलं! तेव्हा लहान, फिक्या माशाला लगेच मादी म्हणू नका.

मादी गर्द पिवळी झाली, काळ्या खुणा ठसठशीत उठल्या, की समजा अंडी आली किंवा येणार. इथून राज्य तिचं. तिच्याहून बराच मोठा नरही मार खातो, आणि लहान टाकीत मरतोसुद्धा. त्याचे पर फाटलेले दिसले तर त्यालाच बाहेर काढा, मादीला मुळीच नाही. पिल्लं तिच्या मागोमाग फिरतात.

पाठलाग थांबतच नसेल तर लाकूड आडवं टाका, एकाला दुसरा दिसता कामा नये. नवा मासा सोडायचा असेल तर आधी सगळी मांडणी मोडा, म्हणजे जुन्यांच्या हद्दीही मोडतात. मात्र कुणी पिवळी असेल तर हे काम पिल्लं मोठी होईपर्यंत लांबवा.