एक्सेलमध्ये सेलच्या रंगावर हिशेब करताय? या चुका टाळा

आमची सोसायटी ठाण्यात, कोलशेत रोडला. तीन विंग, ८४ फ्लॅट, मेंटेनन्स फ्लॅटमागे महिना ३,४०० रुपये. वसुलीच्या एक्सेल शीटमध्ये वर्षानुवर्षं एकच रीत: पैसे आले की सेल हिरवा, चेक दिलाय पण वटायचाय तो पिवळा, थकबाकी लाल. मी खजिनदार झालो तेव्हा हीच फाइल हातात आली. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ऑगस्टमध्ये हिशेब जुळवायला बसलो. एका महिन्यात हिरवे सेल ६१, म्हणजे २,०७,४०० रुपये. बँकेत मात्र ५९ जणांचे २,००,६०० जमा. ६,८०० रुपयांचा हा फरक शोधण्यात दोन रात्री गेल्या.

पैसे कुठेच गेले नव्हते. कुणीतरी ३,४०० चा सेल कोपऱ्याला धरून खाली दोन ओळी ओढला होता. रकमेबरोबर रंगही खाली उतरला आणि न भरलेले दोन फ्लॅट शीटवर भरलेले झाले. ओढल्यावर शेवटी जो छोटा चौकोन दिसतो, त्यात ‘फिल विदाउट फॉरमॅटिंग’ निवडलं की फक्त आकडा उतरतो. कॉपी-पेस्ट करतानाही ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘व्हॅल्यूज’च घ्या.

फॉर्म्युल्याला रंग दिसत नाही

अट तपासणाऱ्या ‘इफ’ फंक्शनमध्ये सेल बरोबर ‘हिरवा’ असं लिहून पाहणारे बरेच भेटतात. फॉर्म्युला सेलमधला मजकूर किंवा आकडा वाचतो. वरून फासलेला रंग त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. अटीनुसार बेरीज करणारं सम-इफ आणि मोजणी करणारं काउंट-इफ यांचंही तेच. मग शोधता शोधता ‘सेल’ नावाचं फंक्शन सापडतं, त्यात ‘कलर’ असा पर्यायही असतो, आणि माणूस हमखास फसतो. हा पर्याय फक्त एवढंच सांगतो, की त्या सेलच्या नंबर फॉरमॅटमध्ये उणे आकडे रंगीत दाखवायची सोय आहे का. असेल तर १, नसेल तर ०. सेल हिरवा आहे की लाल, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

मॅक्रो चालतो, पण बेरीज जुनीच राहते

यापुढची पायरी म्हणजे रंग मोजणारा मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या व्हीबीए भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. तो चालतो, हे खरं. पण रंग बदलणं म्हणजे एक्सेलच्या लेखी आकडा बदलणं नव्हे, त्यामुळे नुसता रंग बदलल्यावर फेरगणित होत नाही. संध्याकाळी चार सेल हिरवे केले, तरी खालची बेरीज सकाळचीच दिसते. तिथे एरर येत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत धोक्याची वाटते. मॅक्रोतल्या फंक्शनमध्ये ‘ॲप्लिकेशन डॉट व्होलाटाइल’ ही ओळ टाकली, तर एफ-९ दाबल्यावर आकडा ताजा होतो. ती नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-९ एकत्र दाबावं लागतं. दोन्हीकडे कुणीतरी आठवणीने कळ दाबायला हवी, आणि कमिटी तर बदलत राहते.

मॅक्रोची फाइल साध्या एक्सेल वर्कबुक प्रकारात सेव्ह केली तर कोड गळून पडतो आणि पुढच्या वेळी त्या सेलमध्ये ‘नेम’ची एरर दिसते. ती ‘मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक’ म्हणूनच सेव्ह करा. चेअरमन साहेब फाइल मोबाइलवर उघडतात, तिथे मॅक्रो चालतच नाही.

रंग वाचायला ‘गेट डॉट सेल’ची जुनी युक्तीही काही जण वापरतात. ती एक्सेल ४.० च्या मॅक्रो भाषेतली आहे, नेम मॅनेजरमध्ये नाव देऊन चालते, आणि ५६ रंगांच्या जुन्या पॅलेटमधला क्रमांक देते. एक्सेल २००७ पासून रंगांच्या लाखो छटा आल्या, त्यामुळे डोळ्यांना वेगळ्या दिसणाऱ्या दोन छटांना एकच क्रमांक मिळू शकतो. व्हीबीएमध्ये नेमका रंग वाचला तर उलटी अडचण: एकाने थीममधला हिरवा वापरला, दुसऱ्याने स्टँडर्ड हिरवा, की दुसऱ्याचे सगळे फ्लॅट मोजणीतून बाहेर.

गुगल शीट्समध्ये रंग वाचायला ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे तिथला मॅक्रोसारखा कोड, लिहावी लागते. फंक्शनला सेलची रेंज दिली तर आत फक्त व्हॅल्यू पोहोचतात, म्हणून पत्ता अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. शिवाय पत्ता तोच राहिला, की रंग बदलूनही उत्तर आधीचंच येतं.

कंडिशनल फॉरमॅटिंगचा रंग मोजू नका

कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणजे अट पुरी झाली की सेलला आपोआप रंग देणारा नियम. असा नियमाने आलेला रंग मॅक्रोला नेहमीच्या पद्धतीने मिळत नाही. त्याला नियमाखालचा मूळ रंग दिसतो. एक्सेल २०१० पासून व्हीबीएमध्ये प्रत्यक्ष दिसणारा रंग वाचणारं ‘डिस्प्ले-फॉरमॅट’ आहे, पण सेलमधून बोलावलेल्या फंक्शनमध्ये ते चालत नाही, ‘व्हॅल्यू’ची एरर येते. यावर तासन्‌तास डोकं खपवणाऱ्यांना एकच सांगणं: रंग ज्या अटीवर आला ती अट तुमच्याकडे आहेच, मग तीच मोजा. देय तारीख उलटली आणि पावतीची तारीख रिकामी असेल तर लाल, असा नियम असेल, तर एकापेक्षा जास्त अटी घेणाऱ्या काउंट-इफ्समध्ये याच दोन अटी घाला.

हाताने दिलेल्या रंगांची बेरीज एकदाच हवी असेल, तर मॅक्रोची गरज नाही. फिल्टरमध्ये ‘फिल्टर बाय कलर’ निवडा आणि बेरजेला ‘सबटोटल’ फंक्शन वापरा; कंसात पहिला आकडा १०९ द्या, म्हणजे फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज होते. साधा ‘सम’ लपलेल्या ओळीही धरतो. सबटोटल यादीच्या वर ठेवा, नाहीतर फिल्टर लावला की तोच दिसेनासा होईल.

रंगाच्या शेजारी शब्द लिहा

एका सेलला रंग एकच देता येतो. आमच्याकडे भाड्याने दिलेले फ्लॅट निळे होते, कारण त्यांना सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, लागतात. मग भाड्याने दिलेला आणि थकलेला फ्लॅट कुठल्या रंगाचा? तो निळाच राहिला, आणि थकबाकीतून सुटला. नोटीस बोर्डावर लावलेल्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर तर सगळंच करडं. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही, त्यांना रंगीत प्रतही निरुपयोगी.

म्हणून फाइलची एक प्रत बाजूला ठेवून मी दोन नवे कॉलम केले, ‘स्थिती’ आणि ‘भाडेकरू’. हिरव्या रंगावर फिल्टर लावला, स्थितीचा कॉलम सिलेक्ट करून ऑल्ट आणि अर्धविराम दाबला, म्हणजे फक्त दिसणारे सेल निवडले गेले. मग ‘भरले’ टाइप करून कंट्रोल-एंटर. पिवळ्याला ‘चेक’, लालला ‘थकले’. निळे फ्लॅट मात्र एकेक करून बँक स्टेटमेंटशी ताडून भरले, आठवणीवर विसंबलो नाही. त्यानंतर जुने रंग पुसले आणि स्थितीवरून रंग येईल असा नियम लावला. अख्खी ओळ रंगवायची असेल, तर नियमातल्या कॉलमच्या अक्षराआधी डॉलरचं चिन्ह हवं, नाहीतर भलतेच सेल रंगतात.

मराठीत स्थिती लिहिताना एक अडचण येते. कुणी ‘भरले’ लिहितं, कुणी ‘भरलं’, कुणाची शेवटी एक मोकळी जागा राहते; काउंट-इफच्या लेखी हे तीन वेगळे शब्द आहेत. डेटा व्हॅलिडेशनमधून ड्रॉपडाउन यादी द्या, म्हणजे टाइप न करता यादीतला शब्द निवडता येतो. पण त्या सेलवर दुसरीकडून काही पेस्ट केलं तर ती यादी पुसली जाते, म्हणून शीटच्या वर तिन्ही स्थितींची मोजणी आणि त्यांची बेरीज ठेवा. आमच्याकडे ती ८४ यायला हवी. ८३ आली, की एक ओळ बिघडली आहे. स्थितीच्या फिल्टरची यादी उघडली की तो वेगळा लिहिलेला शब्द तिथेच दिसतो.