थंडीतील शिकार आणि उघड्यावरील कामासाठी हातमोजे कसे निवडावेत

हातमोजे घेताना बहुतेक जण आधी जाडी चाचपून पाहतात. आपले हात कशाने ओले होणार आहेत, हा विचार मात्र नंतर येतो किंवा येतच नाही. खरे तर ऊब कापडापेक्षा त्यात अडकलेली स्थिर हवा देते, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेत असल्यामुळे अस्तर भिजले की जाडजूड मोजाही निरुपयोगी ठरतो. हे पाणी बाहेरून पावसाचे आणि बर्फाचे असते, तसेच आतून घामाचेही असते. तासन्तास दबा धरून बसणाऱ्या शिकाऱ्याला घाम जवळजवळ येतच नाही, तर लाकूड फोडणाऱ्याचे तळवे थोड्याच वेळात ओलसर होतात. दोघांना एकच मोजा सुचवणारा विक्रेता दोघांपैकी एकाची तरी गैरसोय करतो.

लेबलवरील शब्द नीट वाचावेत. ‘वॉटर रेझिस्टंट’ मोज्याच्या कापडावर पाणी झटकणारा लेप असतो, आणि तो वापराने व धुण्याने उतरत जातो. ‘वॉटरप्रूफ’ मोज्यात सहसा बाहेरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये मेम्ब्रेन, म्हणजे अतिशय पातळ पडदा, बसवलेली असते. १९६९ साली बॉब गोर यांनी शोधलेल्या ताणलेल्या पीटीएफई या प्लास्टिकपासून मुळात बनलेले गोर-टेक्स हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण. अशी मेम्ब्रेन पाण्याचे थेंब अडवते आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देते. मात्र अशा मोज्याच्या बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप गेल्यावर ते कापड चिंब होते, वाफ बाहेर पडणे मंदावते, आतला हात दमट होतो आणि मोजा गळतो आहे असे वाटू लागते. अशा वेळी नवा मोजा घेण्याआधी जुन्यावर पुन्हा लेप देऊन पाहावा.

विकत घेताना मोजा हातात घालून प्रत्येक बोटाचे टोक दुसऱ्या हाताने धरावे आणि हात हळूच मागे ओढावा. अस्तर बोटाबरोबर सरकत बाहेर येऊ लागले, तर तो मोजा परत ठेवलेला बरा, कारण ओल्या हाताने मोजा काढल्यावर उलटे झालेले अस्तर कडाक्याच्या थंडीत पुन्हा बोटांत बसवणे म्हणजे शिक्षाच असते. घरी आणल्यावर मोज्यात टिश्यू पेपर घेऊन हात मनगटापर्यंत बादलीतल्या पाण्यात बुडवावा आणि काही मिनिटे मूठ उघड-मीट करत राहावे; शिवणीतून पाणी शिरत असेल तर कागद ते लगेच दाखवतो.

कामाच्या मोज्यांवर ईएन ५११ या युरोपीय मानकाचे हिमकणाचे चिन्ह आढळल्यास त्यासोबतचे तीन आकडे पाहावेत. पहिला हवेतील थंडीपासूनचे आणि दुसरा थंड वस्तूच्या स्पर्शापासूनचे संरक्षण ० ते ४ या श्रेणीत सांगतो, तर तिसरा पाण्याविषयी असून तो ० किंवा १ असतो. ओल्या कामासाठी तिसऱ्या जागी १ हवाच.

थिन्सुलेटसारख्या भरणापुढे, म्हणजे आतल्या ऊब देणाऱ्या थरापुढे, लिहिलेले ४०, १०० किंवा २०० ग्रॅम हे मोज्याचे वजन नसून एका चौरस मीटर भरणाचे वजन असते. आकडा वाढला की ऊब वाढते आणि बोटांची चपळाई कमी होते. घट्ट मोजा घेण्याची चूक मात्र कोणत्याही आकड्याने भरून निघत नाही, कारण भरण दाबले गेल्याने त्यातली हवा निघून जाते आणि रक्तप्रवाहही अडतो. मूठ वळल्यावर तळव्याशी ताण जाणवू नये आणि बोटांच्या टोकाशी थोडी जागा उरावी.

शिकाऱ्याच्या बाबतीत सुरक्षिततेचा प्रश्न सर्वांत आधी येतो. जाड बोट चापाभोवतीच्या कडीत शिरताना चाप नकळत दाबला जाऊ शकतो. म्हणून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, मोजा घालून सराव करावा. चार बोटे एकत्र ठेवणारा मिटन सर्वांत उबदार असतो, आणि त्याचे वरचे झाकण उलटून बोटे मोकळी करता येत असतील तर आत पातळ लोकरी मोजा घालून तोच वापरणे मला सर्वांत सोयीचे वाटते. बाहेरचे कापड कानाजवळ चोळून पाहावे: कडक नायलॉनची सळसळ जनावराला सावध करते, फ्लीस (लोकरीसारखे मऊ कृत्रिम कापड) आणि लोकर शांत असतात. पाण्यात हात घालून बदकांना भुलवणारे नकली पक्षी मांडायचे असतील, तर कोपरापर्यंत येणारे रबरी किंवा निओप्रीन या कृत्रिम रबराचे मोजे वेगळे ठेवावेत.

दोर, तार आणि लाकूड हाताळायला तळव्यावर चामडे हवे. माशांचे किंवा चिखलाचे काम असेल तर आतून फ्लीस लावलेले, अखंड पीव्हीसी लेपाचे मोजे बऱ्याच महागड्या मोज्यांपेक्षा सरस ठरतात. कडक थंडीत पेट्रोल भरताना ते झिरपू न देणारे मोजे वापरावेत, कारण शून्याखालीही द्रवच राहणारे पेट्रोल त्वचेवरून उडताना उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि हिमदंश होऊ शकतो. फिरत्या यंत्राजवळ मात्र सैल मोजा घालूच नये, तो बोटांसकट आत ओढला जातो.

मनगटाचा भाग आखूड नसावा. हात वर करून काम करायचे असेल तर मोज्याची कड बाहीवर घ्यावी, एरवी बाहीच्या आत, म्हणजे बाहीवरून ओघळणारे पाणी मोज्यात उतरत नाही. घाम येणाऱ्या कामाला सुटे अस्तर असलेली जोडी घ्यावी आणि कोरडे अस्तर खिशात ठेवून मध्येच बदलावे. रात्री मोजे शेकोटीला किंवा हीटरला टेकवून वाळवू नयेत. चामडे आखडते आणि मेम्ब्रेनचा चिकट जोड सुटतो. अस्तर बाहेर काढून हवेशीर जागी टांगावे, आणि चामडे पूर्ण कोरडे झाल्यावर त्यावर मेणाचा पातळ हात द्यावा, शिवणींवर थोडा जास्त.