पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना

मे महिना आला की गावाकडे विहिरीवर पोरं शिकायला येतात आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, ढकलून द्या रे, आपोआप शिकेल. कृपा करून असं करू नका. मला आठव्या वर्षी असंच ढकललं होतं, त्यानंतर दोन उन्हाळे मी पाण्याजवळ फिरकलो नाही, शिकायचं तर लांबच.

आधी भीती घालवायची, हात मारणं नंतर. पहिले दोन दिवस नुसतं पायऱ्यांवर, छातीपर्यंत पाण्यात. तोंडाने श्वास घ्यायचा, तोंड पाण्यात घालून नाकातोंडाने बुडबुडे सोडायचे, बस्स एवढंच. मूल स्वतःहून खेळायला लागलं की पुढे जायचं, शेजारचा पोरगा कुठवर गेलाय ते बघायचं नाही.

मग पाठीला कॅन बांधा, रिकामा पाच लिटरचा, झाकण घट्ट. कमरेला दोर, त्याचं टोक वरच्या माणसाच्या हातात, आणि एक चांगला पोहणारा पाण्यात हाताच्या अंतरावर, यात तडजोड नाही. जमायला लागलं की कॅनमध्ये रोज थोडं थोडं पाणी भरत जा, आधार हळूहळू कमी होतो आणि पोराला कळतही नाही. हे मला फार आवडतं, कारण आधार एकदम काढला की मूल घाबरून मान वर काढतं, मान वर आली की पाय खाली जातात आणि मग खरंच बुडायला लागतं.

चूक एका वेळी एकच सांगा. पाय गुडघ्यातून नको, मांडीपासून मार, आज एवढंच, हात वेडेवाकडे पडले तरी गप्प बसायचं. आणि तोंडाने भाषण देण्यापेक्षा स्वतः पाण्यात उतरून करून दाखवा, पोरं बघूनच पटकन उचलतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, 'सोडणार नाही' म्हणालात तर सोडू नका. गंमत म्हणूनसुद्धा नाही. सोडायचं असेल तर आधी सांगा, आता तीन हात मारेपर्यंत सोडतोय, मग धरतो, आणि चौथ्याला धराच. एकदा फसवलं की ते पोर परत तुमच्या हातावर अंग टाकत नाही.

ओठ निळे पडले, अंग कापायला लागलं की लगेच बाहेर. नाहीतर अर्ध्यापाऊण तासात, अजून थोडं पोहू द्या ना म्हणत असतानाच काढायचं, दुसऱ्या दिवशी तेच टॉवेल घेऊन सकाळी सहाला दारात उभं राहतं.