सीनियर वर्षाचे विषय निवडताना: ए.पी. मोजण्याआधी पर्यायांचा रकाना भरा

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये सीनियर वर्षाच्या, म्हणजे बारावीच्या विषयांचा फॉर्म बहुतेक शाळांत अकरावीच्या जानेवारी ते मार्चमध्येच हातात येतो. आपल्या मराठी घरांत त्यावरची चर्चा ‘एकूण ए.पी. (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय) किती झाले?’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. पण नुसत्या आकड्यावरून कॉलेजला काहीच कळत नाही. ट्रान्सक्रिप्टसोबत, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषयांच्या आणि ग्रेडच्या अधिकृत नोंदीसोबत, शाळेचं ‘स्कूल प्रोफाइल’ जातं. शाळेत कोणते ए.पी. आहेत आणि ते घ्यायला काय अटी आहेत, हे त्यात लिहिलेलं असतं. शिवाय कॉमन ॲपच्या (अनेक कॉलेजांसाठीच्या सामायिक ऑनलाइन अर्जाच्या) स्कूल रिपोर्टमध्ये काउन्सेलर, म्हणजे शाळेतला मार्गदर्शक, खूण करतो, की शाळेतल्या इतर मुलांच्या मानाने या मुलाचा अभ्यासक्रम किती कठीण आहे. सगळ्यांत वरची खूण ‘मोस्ट डिमांडिंग’. तेव्हा दुसऱ्या गावातल्या कुणाच्या मुलाने बारा ए.पी. केले, ही व्हॉट्सॲपवरची माहिती तुमच्या काही उपयोगाची नाही. आपल्या शाळेत ही खूण कशावर ठरते, ते काउन्सेलरला सरळ विचारा.

पाच मुख्य विषय आधी लिहा: इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-समाजशास्त्र आणि परकीय भाषा. इंग्रजीला पर्याय नाही. स्पॅनिशची चौथी पातळी सोडून तिथे एखादा सोपा म्हणून प्रसिद्ध असलेला ए.पी. घुसवू नका. मराठी शाळेच्या अभ्यासाला काही स्कूल डिस्ट्रिक्ट भाषेचं क्रेडिट देतात. ते ट्रान्सक्रिप्टवर उमटणार का, हे ईमेलने लेखी घ्या.

गणितात एक वर्षाचीही सुट्टी नको. ए.पी. कॅल्क्युलसचे एबी आणि बीसी असे दोन कोर्स असतात. प्रीकॅल्क्युलसमध्ये पक्का ए ग्रेड असेल आणि शाळा थेट बीसी देत असेल तर बीसीच घ्या, कारण एबीचा सगळा भाग त्यात येतो. जेमतेम बी ग्रेड आला असेल तर एबी. इंजिनीअरिंग करायचं असेल तर कॅल्क्युलसच्या जागी स्टॅटिस्टिक्स चालणार नाही. जोडीला घेतलं तर उत्तम. एमआयटी कॅल्क्युलसपर्यंतचं गणित आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी एक वर्ष असावं असं सुचवतं. कॅलटेक कॅल्क्युलस, फिजिक्स आणि केमिस्ट्री मागतं. मात्र शाळेत हे विषय मिळत नसतील तर खान अकॅडमीसारखे (मोफत ऑनलाइन अभ्यासाचे) पर्यायी मार्ग कॅलटेकने २०२३ मध्ये खुले केले.

कॅलिफोर्नियातल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ‘ए-जी’ या ठरावीक विषयांच्या यादीतले १५ वार्षिक कोर्स लागतात आणि त्यांतले ११ सीनियर वर्षाआधी पुरे झालेले हवेत. यूसीच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) बारावीचे गुण धरत नाहीत, म्हणून वर्ष हलकं ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. बारावीत काय घेतलंय ते अर्जात लिहावंच लागतं, आणि प्रवेश मिळतो तो बारावीच्या निकालाच्या अटीवर.

आता घोटाळा होतो ती जागा. फॉर्मवर विषय लिहिला म्हणजे तो मिळाला, असं नसतं. मुलांच्या मागण्या गोळा करून शाळा वसंतात सगळं वेळापत्रक बसवते. बारावीतल्या वरच्या पातळीच्या विषयांचा बहुधा एकच वर्ग असतो. समजा, ए.पी. फिजिक्स सी (कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स) फक्त तिसऱ्या तासाला आहे, आणि ऑर्केस्ट्राही तिसऱ्याच तासाला. दोन्ही मागितले तर एक गळतो. त्या जागी काय टाकायचं हे सॉफ्टवेअर तुमच्या ‘पर्यायी विषय’ या रकान्यातून घेतं. बहुतेक मुलं तो घाईत भरतात किंवा कोराच ठेवतात. मग ऑगस्टमध्ये वेळापत्रक उघडलं की विज्ञानाच्या जागी स्टडी हॉल (विषय नसलेला मोकळा तास) किंवा सिरॅमिक्स! तोवर चांगल्या वर्गांच्या जागा भरलेल्या असतात, आणि जुलैत काउन्सेलर बऱ्याच शाळांत कामावरच नसतात.

म्हणून फॉर्म भरण्याआधी काउन्सेलरकडून एकच वर्ग असलेल्या विषयांची यादी घ्या. पुढच्या वर्षीचे तास ठरलेले नसले तरी यंदाचे तास विचारा. पुष्कळदा तेच राहतात. कागदावर सात तासांचे सात चौकोन आखा आणि एकेरी विषय आधी बसवा. इंग्रजी किंवा गव्हर्नमेंटचे अनेक वर्ग असतात, ते नंतर कुठेही बसतात. टक्कर दिसली तर कोणता विषय सोडायचा हे तुम्ही ठरवा, सॉफ्टवेअरवर सोडू नका.

पर्याय लिहिताना नियम एकच: विज्ञानाला विज्ञान, भाषेला भाषा. फिजिक्स सी नाही मिळालं तर ए.पी. केमिस्ट्री, तेही नाही तर फिजिक्स १. स्टडी हॉल हा पर्याय म्हणून कधीही लिहू नका. लिहिला की तो मिळतोच. विषय शाळेत बसतच नसेल तर कम्युनिटी कॉलेजात ड्युएल एनरोलमेंट (शाळेत असतानाच कॉलेजचा कोर्स) करता येतं, पण परवानगीची सही उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी घ्या. तिथला ग्रेड त्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायम राहतो आणि पुढे मेडिकलसारख्या प्रवेशातही दाखवावा लागतो. ‘सहज करून बघू’ म्हणून तिथे जाऊ नका.

ओझं किती घ्यायचं? अकरावीत जितके ए.पी. झेपले त्याहून फार तर एक जास्त. कॉलेजचे अर्ली (लवकरच्या फेरीचे) अर्ज बहुतेक १ नोव्हेंबरला, यूसीचा नोव्हेंबरअखेर, रेग्युलर (नेहमीच्या फेरीचे) जानेवारीच्या सुरुवातीला. निबंधांचं सगळं काम पहिल्याच सत्रात येतं. बारावीतल्या ए.पी. परीक्षा मे महिन्यात होतात आणि स्कोअर जुलैत लागतात. त्यामुळे प्रवेशाच्या निर्णयात ते स्कोअर नसतातच. तिथे दिसतो तो विषय आणि मिड-इयर रिपोर्टमधला, म्हणजे पहिल्या सत्राचा, ग्रेड. पाच ए.पी.त बी आणि सी येण्यापेक्षा तीन ए.पी.त ए केव्हाही बरे.

शाळा सुरू झाल्यावर विषय बदलण्याची शेवटची तारीख पहिल्याच आठवड्यात कॅलेंडरवर लिहा. त्यानंतर सोडलेला विषय अनेक शाळांत ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉन, म्हणजे मध्येच सोडलेला) म्हणून उमटतो. अर्ज पाठवल्यानंतर काहीही बदललं, अगदी ए.पी. गव्हर्नमेंटचं साधं गव्हर्नमेंट झालं तरी, अर्ज केलेल्या प्रत्येक कॉलेजला मुलाने स्वतः त्याच आठवड्यात पोर्टलवरून किंवा ईमेलने कळवावं, दोन ओळींत कारणासह. न कळवता केलेला बदल उन्हाळ्यात फायनल ट्रान्सक्रिप्ट गेल्यावर उघडा पडतो, आणि तेव्हा प्रवेश रद्द होऊ शकतो.