दाराचं हँडल बदलताय? आधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी बेडरूमच्या दाराचं हँडल माझ्या हातात आलं. दार बंद, आणि मी तुटका दांडा धरून बाहेर उभा. त्या दाराचं दोन वर्षांतलं हे तिसरं हँडल. आधीच्या दोन्ही वेळी "हल्ली मालच हलका येतो" असं म्हणत मी गपगुमान नवीन आणून बसवलं होतं. या वेळी मात्र मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी हँडलकडे पाहिलंसुद्धा नाही. दार अर्धवट उघडलं, कडेला धरून जरा वर उचललं आणि म्हणाले, "भाऊ, दार खाली बसलंय. तुम्ही हँडलचा जॅक केलाय."

हँडललाच दोषी धरणं

दाराचं सगळं वजन बिजागऱ्यांवर असतं आणि त्यातला ओढा वरच्या बिजागरीवर जास्त. तिचे स्क्रू ढिले झाले की दाराची मोकळी बाजू खाली येते. मग लॉकची जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात सरळ जात नाही, भोकाच्या खालच्या कडेला अडते. घरातली माणसं काही बोलत नाहीत, फक्त दार लावताना हँडल धरून दार किंचित वर उचलायची सवय लावून घेतात. हँडल खाली दाबायला केलेलं असतं, दार पेलायला नाही. वर्षभर असं उचललं की मानेपाशी तडा जातो.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. जिभेच्या टोकाला थोडं ओलं कुंकू लावा, दार हळू लावा, पुन्हा उघडा आणि पट्टीवर डाग कुठे उमटला ते बघा. डाग भोकाच्या खालच्या कडेला असेल तर आधी वरची बिजागरी आवळा. स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल, तर त्याच जाडीचा पण लांब स्क्रू घाला, म्हणजे तो चौकटीच्या कोऱ्या लाकडात धरेल. बिजागरी पक्की असूनही डाग एखाद-दोन मिलिमीटर खालीच पडत असेल, तर पट्टीचं भोक कानशीने तेवढं वाढवा.

आपल्याकडे यात पावसाचीही भर पडते. जून ते सप्टेंबर लाकूड ओल पितं, दार फुगतं आणि चौकटीला घासतं. लगेच रंधा मारायची घाई करू नका. ऑगस्टमध्ये रंधा मारलेल्या दाराला एप्रिलमध्ये एवढी फट पडते की पलीकडचा दिवा दिसतो. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला अशी फट आहे, आणि तो पराक्रम माझाच. पाऊस सरल्यावरही दार घासत असेल तरच रंध्याचा विचार करा.

लोंबणारं हँडल म्हणजे खराब हँडल, असं समजणं

हँडल तुटलेलं नाही पण दाबल्यावर परत वर येत नाही, अशी तक्रार असेल तर दुकानात जाण्याआधी एक करा. दोन्ही बाजूंची हँडलं काढा. लॉकच्या चौकोनी भोकात फक्त दोन्ही हँडलांना जोडणारी चौकोनी दांडी, म्हणजे स्पिंडल, घाला आणि पक्कडीने फिरवून सोडा. जीभ झटकन बाहेर आली आणि दांडी आपोआप जागेवर परतली, तर लॉक ठीक आहे, दोष हँडलच्या स्प्रिंगमध्ये किंवा त्याच्या बसवण्यात आहे. दांडी जिथल्या तिथे राहिली तर लॉकच्या आतली स्प्रिंग गेली. अशा वेळी कितीही महागडं हँडल आणलं तरी तेही लोंबणारच. लॉकची बॉडी बदला, जुनं हँडल तसंच ठेवा.

दांडीच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर हँडल फिरतं पण जीभ हलत नाही. तिथे तर नुसती दांडी बदलली की काम भागतं.

फोटो दाखवून हँडल घेणं

रविवार कारंजा-मेन रोडच्या बाजूला गेलात की हार्डवेअरच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "सेंटर किती?" आपण मोबाइलमधला फोटो पुढे करतो. फोटोवरून रंग कळतो, सेंटर कळत नाही.

सेंटर म्हणजे स्पिंडलच्या भोकाच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. सिलिंडरवाल्या (म्हणजे किल्ली जाते तो भाग सुटा निघतो अशा) लॉकमध्ये ८५ मिमी सर्रास आढळतं, पण ६५ आणि ७२ मिमीही असतात. लांब प्लेटच्या हँडलमध्ये ही दोन्ही भोकं एकाच प्लेटवर असल्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा चालत नाही. किल्ली तिरकी जाते किंवा जातच नाही. मी ८५ च्या जागी ७२ चं आणलं होतं आणि "थोडं ॲडजस्ट होईल" म्हणून प्लेटचं भोक कानशीने घासत बसलो होतो. १३ मिलिमीटर. त्या रविवारी जेवणही थंड झालं.

सेंटरइतकीच महत्त्वाची दाराची जाडी. आतल्या खोल्यांची फ्लश, म्हणजे सपाट, दारं साधारण ३० ते ३५ मिमी असतात, मुख्य दार त्याहून जाड. आतल्या दाराच्या मापाचा सेट मुख्य दाराला लावला की स्पिंडल दोन्ही हँडलांत पुरेशी शिरत नाही आणि महिन्याभरात निसटते. उलट, लांब असेल तर हँडलची प्लेट दाराला टेकत नाही. ती हेक्सा ब्लेडने कापता येते, म्हणून शंका असेल तर लांबच घ्या. स्पिंडलची जाडीही बघा. ८ मिमी जास्त चालते, पण काही जुन्या लॉकमध्ये ७ मिमी असते. ७ ची दांडी ८ च्या भोकात गेली तरी खडखडते, आणि कागदाची घडी घालून तो खडखडाट फार दिवस थांबत नाही.

जुन्या प्लेटची लांबी-रुंदीही मोजून ठेवा, कारण नवीन प्लेट आखूड निघाली तर जुन्या स्क्रूची भोकं आणि पॉलिशचा डाग उघडा पडतो. सगळ्यात सोपं म्हणजे जुनं हँडल स्पिंडल आणि स्क्रूसकट पिशवीत घालून न्या. जुन्या वाड्यात कडी-कोयंड्यावर भागायचं, तिथे हे सेंटर-बिंटर कुणी विचारलं नव्हतं.

चकाकीवर जाणं

तांबट लेनच्या या गावात पितळ ओळखायला कुणाला शिकवायला नको, पण हार्डवेअरच्या दुकानात आपण फसतो. सोनेरी दिसणारी बरीच हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची असतात, वरून मुलामा. चुंबक लावून बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: चिकटला तर आत लोखंड आहे एवढं नक्की, पण नाही चिकटला म्हणजे पितळच असं नाही, जस्तालाही तो चिकटत नाही. हँडल हातात घेऊन वजन बघा. एकाच आकाराच्या दोन भरीव दांड्यांत पितळेची जड लागते. प्लेटची मागची बाजू, जिथे मुलामा नीट चढलेला नसतो, तिथे आतला रंगही दिसतो: पिवळा की करडा. बाथरूमच्या दाराला मी तरी मुलाम्याचं हँडल लावत नाही. पाण्याने मुलाम्याला फोड येतात आणि मग तो हाताला बोचतो. तिथे स्टेनलेस स्टील बरं.

दार लावून काम करणं

ही चूक हसण्यावारी नेऊ नका. हँडल आणि स्पिंडल काढल्यावर जीभ मागे घ्यायला काहीच उरत नाही. तेवढ्यात बाल्कनीतून वाऱ्याची झुळूक आली की दार धाडकन लागतं. आमच्याकडे तसंच झालं. आत आई, बाहेर मी, आणि स्पिंडल माझ्या खिशात. दांडी बाहेरून भोकात घालून पक्कडीने फिरवली आणि सुटका झाली. दांडी खोलीत राहिली असती तर दार फोडावं लागलं असतं. दाराखाली पाचर ठोका, नसेल तर जाडजूड पुस्तक सरकवा, आणि नवीन हँडल बसल्यावर पहिल्या दहा-बारा चाचण्या दार उघडं ठेवूनच घ्या.

हँडल निघत नाही म्हणून पेचकसाने उचकटूही नका. गोल बैठकीच्या हँडलांत दांड्याच्या खालच्या अंगाला बारीक भोक असतं, त्यात ॲलन कीने सुटणारा छोटा स्क्रू असतो. बैठकीवरची टोपी बऱ्याचदा आट्यांची असते, ती फिरवून निघते, आणि स्क्रू तिच्याखाली दडलेले असतात. सिलिंडर काढायचा असेल तर दाराच्या जाडीत, सिलिंडरच्या उंचीवर असलेला लांब स्क्रू आधी सोडवा, किल्ली घालून ती किंचित फिरवा, मग ओढा. किल्ली सरळ असताना सिलिंडर येत नाही, कारण सिलिंडरची स्वतःची मधली जीभ आडवी अडकते.

जुन्याच भोकात जाड स्क्रू ठोकणं

मोठं झालेलं भोक आधी भरा. माचिसच्या काड्यांची गुलं तोडून टाका, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घट्ट बसवा, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी बाहेर आलेलं टोक कापा. त्यात जुन्याच मापाचा स्क्रू नव्यासारखा धरतो. जाड स्क्रूने फ्लश दाराचं लाकूड चिरतं. शिवाय तो आत बसलेल्या लॉकच्या बॉडीला टेकला तर जीभ अडकायला लागते. नवीन भोक पाडायचंच असेल तर आधी लॉक बाहेर काढा. मी लॉक आत ठेवून ड्रिल मारलं आणि हँडलच्या खर्चात एका लॉकची भर घातली. आरपार बोल्टची सोय असलेलं हँडल मिळालं तर तेच घ्या, ते लाकडाच्या भरवशावर राहत नाही.

शेवटचे फेरे हातानेच आवळा. मशीनने स्क्रू करकचून आवळला की प्लेट वाकते आणि हँडल जाम होतं. सगळे स्क्रू सैल लावा, हँडल पाच-सहा वेळा दाबून बघा, मग एकेक करत थोडं थोडं आवळा. आवळताना हँडल जड व्हायला लागलं की थांबा आणि अर्धा फेरा मागे या.

बसवल्यावरही काही बिनसलं तर

दार लोटल्यावर आपोआप लागत नाही, हँडल दाबूनच लावावं लागतं? जिभेची उतरती बाजू उलटी आली आहे. ती पट्टीला आधी टेकली पाहिजे. बऱ्याच लॉकमध्ये जीभ फिरवून बसवता येते, नवीन लॉक घ्यायची गरज नाही. दोन हँडलांपैकी एक तिरकं राहतंय? डावं-उजवं अदलाबदल झालं असेल. खोक्यावर लेफ्ट-राईट लिहिलेलं असतं, आणि ते आपण खोकं फेकल्यावर शोधतो.

किल्ली जड फिरते म्हणून खोबरेल तेल घालणारे घरोघरी आहेत. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० च्याही खाली उतरतो, बाटलीतलं तेल दगड होतं, तसंच लॉकच्या आतलंही. उन्हाळ्यात त्यावर धूळ बसून चिखल. जिभेला आणि स्पिंडलला शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब पुरे. किल्लीच्या भोकात तेल नकोच. पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दातांवर घासा आणि ती आत-बाहेर करा.

दिवाळीच्या साफसफाईत हँडलाला पितांबरी किंवा चिंच-मीठ लावू नका. देवाची भांडी वेगळी. हँडलावर मुलामा किंवा पारदर्शक लेप असतो आणि घासल्यावर तोच निघून जातो. ओलं फडकं, मग कोरडं, बस.

सेंटर जुळत नसेल आणि दारात नवीन खाच करायची असेल, किंवा काम मुख्य दाराचं असेल, तर मिस्त्रीला बोलवा. पटाशी चुकली की हँडल राहतं बाजूला, दारच बदलायची वेळ येते. भाड्याचं घर असेल तर जुनं हँडल स्क्रूसकट पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा. घर सोडताना घरमालक विचारतोच.

आमच्या बेडरूमला मिस्त्रीकाकांनी वरच्या बिजागरीत तीन लांब स्क्रू घातले आणि पट्टीवर दोन वेळा कानस फिरवली. चौथं हँडल अजून टिकून आहे. दार आता बोटाने लोटलं तरी लागतं. आई मात्र लावताना हँडल अजून जरासं वर उचलतेच.